नऊ अंशांचा कट

होकायंत्र नऊ अंशांनी खोटं बोलत होतं. आणि कॅप्टन एबो क्वान्सा यांच्या मते होकायंत्र आपण होऊन कधीच खोटं बोलत नाही. त्याला कुणीतरी फूस लावावी लागते.

नौविद्या अकादमीचं ‘बोसोम्पो’ हे प्रशिक्षणाचं जहाज सकाळी आठ वाजता टेमा बंदराच्या तोंडाशी होतं. तिथून चर्चचा मनोरा आणि त्यामागची पाण्याची टाकी जहाजाच्या नाकासमोर एका रेषेत आली की होकायंत्रावर तीनशे चाळीस अंश दिसायला हवेत. तो मनोरा जागचा हलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तरी सुकाणूच्या चाकाशी उभी असलेली कॅडेट डेडे लार्टे स्वच्छ आवाजात म्हणाली, “तीनशे एकोणपन्नास, सर.”

“पुन्हा बघ.”

“पुन्हा बघितलं सर. पुन्हा तेवढंच.”

साडेदहाला तपासनीस बाई येणार होत्या. तीन अंशांपर्यंतची चूक त्या माफ करत. त्याहून जास्त निघाली तर प्रमाणपत्र रद्द, जहाज धक्क्याला बांधलेलं, आणि कॅप्टन क्वान्सा अकादमीच्या ग्रंथालयात. तिथली खुर्ची त्यांना परवाच प्राचार्यांनी सहज म्हणून दाखवली होती. छान गादीची होती. तेव्हापासून कॅप्टनना नीट झोप नव्हती.

त्यांनी खिशातून वही काढली. वही नवीकोरी होती. जुन्या वहीत कुणीतरी डोकावतं असा दाट संशय आल्यावर त्यांनी बायकोला बजावलं होतं, “अराबा, अशी वही आण जी घट्ट मिटेल.” अराबानं आणली. तिच्या कातडी झाकणाची पट्टी टक् करून अशी बंद होई की उघडायला नख लावावं लागे. कॅप्टननी ती नेहमीप्रमाणे होकायंत्राच्या उजवीकडच्या फळीवर ठेवली आणि पहिली ओळ लिहिली: लोखंड जवळ आल्याशिवाय होकायंत्र बिघडत नाही. लोखंड कोणाकडे आहे?

“सगळ्यांनी खिसे रिकामे करा!”

बारा कॅडेट्सच्या खिशांतून नट आवळायचे दोन पाने, एक बाटली उघडायची चावी, शितो चटणीचा एक डबा आणि केसांच्या एकवीस पिना निघाल्या. पिना सगळ्या डेडेच्या.

“एकवीस?”

“केस खूप आहेत सर.”

मग पट्टे काढायला लावले. बक्कल पितळेचं आहे, पितळेला चुंबक धरत नाही, हे धड्यात सरांनीच शिकवलंय, अशी आठवण एकानं केली. “वरून पितळ दिसतं,” कॅप्टन म्हणाले, “आत काय आहे कोण जाणे,” आणि त्याचं नाव वहीत चढलं. आता अर्धे कॅडेट्स एका हातानं दोर आणि दुसऱ्या हातानं विजार धरून काम करू लागले.

“काय दिसतंय?”

“तीनशे एकोणपन्नास, सर.”

कॅप्टन वही घेऊन खाली मुदपाकखान्यात गेले. आंटी मान्सा तिथे तीस वर्षं मासळी तळत होत्या. कॅप्टन स्वतः कॅडेट असताना त्यांच्याच हातची, आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी खाऊन मोठे झाले होते, त्यामुळे साऱ्या जहाजात कॅप्टनना ‘अरे एबो’ म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

“आंटी, हे सार्डिनचे डबे किती आहेत?”

“चार पेट्या. का रे एबो, भूक लागली?”

“सगळे जहाजाच्या पार मागच्या टोकाला न्या. तवेसुद्धा.”

“तुझं ते यंत्र माझ्या मासळीकडे मान वळवून बघतंय होय? बघू दे की. बिचाऱ्याला वास आला असेल.”

डबे गेले, तवे गेले, आंटीही बडबडत मागे गेल्या. जेवण बंद झालं. कॅप्टन वर आले, या खेपेला डावीकडून, आणि वही डावीकडच्या फळीवर ठेवली.

“तीनशे एकतीस, सर,” डेडे म्हणाली.

कॅप्टन गार झाले. म्हणजे आता चूक उलट्या बाजूला! एक टोळी उजवीकडे ओढते, दुसरी डावीकडे. त्यांनी वहीत ‘टोळी’ खोडून ‘टोळ्या’ लिहिलं.

तेवढ्यात खलाशांचा मुकादम नॉर्टे डोकं खाजवत आत आला. “कॅप्टन, रागावू नका. एक सांगू? तुम्ही खाली गेला होता ना, तेव्हा काटा एकदम नीट होता. तीनशे चाळीस.”

“अस्सं! म्हणजे मी नसलो की सगळे सज्जन.”

“मी आपलं दिसलं ते सांगितलं.”

“बरोबर. पहारा कधी नसतो ते चोरालाच ठाऊक असतं,” कॅप्टन म्हणाले आणि नॉर्टेच्या देखतच नॉर्टेचं नाव लिहिलं.

तरी शहानिशा हवीच. वही खिशात टाकून ते मागच्या नकाशाच्या खोलीत गेले आणि लाकडी भिंतीला कान लावून बसले. पलीकडून डेडेचा आवाज येत होता: “तीनशे चाळीस. तीनशे चाळीस. तीनशे चाळीस.” सातव्या चाळीसला कॅप्टन दार उघडून आत झेपावले आणि होकायंत्राला खेटून उभे राहिले.

“तीनशे एकोणपन्नास, सर.” डेडे होकायंत्राकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होती. एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे, एकदा खिशाकडे.

कॅप्टननी लिहिलं: लार्टे. समोर बघायचं सोडून माझ्याकडे बघते. हीच सूत्रधार.

मॅडम सेयराम अग्बेको साडेदहाला आल्या. बुटक्या, शांत, हातात काळी पर्स. त्यांनी मनोरा पाहिला, टाकी पाहिली, होकायंत्र पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. “नऊ अंश. कॅप्टन, हे काही—”

“मॅडम, हा कट आहे!” कॅप्टननी वही उघडली. “नावं आहेत माझ्याकडे.”

“वाचा. आणि मुली, तू दर घडीला दिशा सांगत राहा.”

कॅप्टन येरझारा घालत वाचू लागले. होकायंत्राच्या उजवीकडून निघाले. “एक, नॉर्टे. मुकादम. काटा नीट असल्याची बातमी याला आधी कळते.”

“तीनशे एकोणपन्नास.”

“दोन, आंटी मान्सा. चार पेट्या डबे.” कॅप्टन डावीकडे पोचले.

“तीनशे एकतीस.”

“तीन, लार्टे. एकवीस पिना.” ते परत वळले.

“तीनशे एकोणपन्नास.”

मॅडम आता मनोऱ्याकडे बघत नव्हत्या. “कॅप्टन, न वाचता पुन्हा एकदा डावीकडे जा बघू.”

कॅप्टन गेले. होकायंत्राची तबकडी मालकामागे निघालेल्या कुत्र्यासारखी त्यांच्यामागे वळली. ते थांबले, ती थांबली. ते परतले, ती परतली. दारात जमलेले कॅडेट्स विजारी धरून बघत होते, आणि हसू आवरायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

“सगळ्यांचे खिसे तपासले म्हणता,” मॅडम म्हणाल्या. “तुमचे कुणी तपासले?”

कॅप्टननी वही मिटली. टक्. तो आवाज त्यांनी सकाळपासून पन्नासदा ऐकला असेल. पट्टीतल्या चुंबकाचा म्हणून आज पहिल्यांदा ऐकला. त्यांचे कान तापले.

“लार्टे, तुला माहीत होतं?”

“अंदाज होता सर. पण माझं नाव आधीच वहीत होतं. त्यात अजून कशाला भर?”

“मागे पाठवा ती,” कॅप्टन पुटपुटले. नॉर्टेनं वही दोन बोटांत धरून जहाजाच्या मागच्या टोकाला नेली. तिथून आंटींचा आवाज आला, “ये बाई, डब्यांशेजारी बस.”

मॅडमनी नवा कागद काढला, लिहायला हात मोकळा हवा म्हणून पर्स उजवीकडच्या फळीवर ठेवली आणि होकायंत्रावर वाकल्या. कॅप्टन श्वास रोखून दाराशी उभे होते, यंत्रापासून जमेल तितके लांब.

“तीनशे बेचाळीस,” मॅडम म्हणाल्या. “दोन अंश. तीनच्या आत आहे, चालेल.” त्यांनी सही केली, पर्स उघडून शिक्का काढला, तो मारला आणि पर्स मिटली.

टक्.

डेडेनं चमकून मान वळवली. मग हळूच कॅप्टनच्या बाजूला झुकून कुजबुजली, “सर, मॅडमची पर्स—”

कॅप्टननी पर्सकडे पाहिलं. ओल्या शिक्क्याकडे पाहिलं. सवयीनं हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

“समोर बघ, लार्टे,” ते हळूच म्हणाले. “ऊठसूट कुणावर संशय घेऊ नये.”