भाग दुसरा अप्राप्त

वाटणी समान झाली की न्याय होतो आणि न्याय झाला की तक्रारीला जागा उरत नाही. म्हणूनच आपला जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्याकडून जिपा, कपाटं, खुर्च्या आणि गोष्टींची पुस्तकं मोजून निम्मी घेण्यात आली. (एक खुर्ची जास्तीची निघाली. तिचा पत्रव्यवहार चालू आहे.)

रेणापूरच्या अंगाला आमची एकशिक्षकी शाळा. तो एक शिक्षक मी. रोज अर्धा तास मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, असं परिपत्रक आलं. सोबत पुस्तक आलं: हरवलेल्या शेळीची गोष्ट, भाग पहिला. भाग दुसरा समान वाटणीत जुन्या जिल्ह्याकडे राहिला. तिकडच्या पोरांना शेळीचं पुढं काय झालं ते ठाऊक होतं, फक्त ती हरवली होती हे ठाऊक नव्हतं.

परिपत्रक मोठ्या शहाण्या माणसानं लिहिलेलं. कलम चार: पुस्तकात नसलेला मजकूर शिक्षकाने पदरचा सांगू नये. कलम पाच: घसा कोरडा पडल्यास पाणी प्यावे. (टँकर आठवड्याला एक. कलम पाच मी नुसतं वाचून भागवलं.)

भाग पहिला मी सात वेळा वाचला. पटावर मुलं अठ्ठावीस, हजेरी एकतीस. वरच्या तिघी म्हणजे केवळाबाई आणि तिच्या दोन सुना. टँकरची वाट बघत खिडकीशी बसायच्या आणि शेळीसाठी हळहळायच्या.

एके दिवशी चौथीतल्या रुद्राणीची आई, सिद्धम्मा, दारात आली.

"गुरुजी, पोरीला नेते. पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला माणूस कमी पडून राहिलंय. घरात खायाला काई न्हाई."

रुद्राणी जागची हलली नाही. "शेळी घावली का, तेवढं सांगा गुरुजी. मग जाते."

घावली म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण कलम चार होतं आणि तपासणी तोंडावर आलेली. म्हणालो, "भाग दुसरा आला की सांगतो."

"मग लवकर मागवा," म्हणाली आणि आईमागं गेली. लई लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मागवला. उत्तर आलं: भाग पहिला ऐकलेल्या विद्यार्थ्यांची यादी सह्यांनिशी सादर करावी. रुद्राणीच्या सहीसाठी तलावावर गेलो. दगड पडून तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं. सही जमेना, म्हणून डावा अंगठा घेतला. (अंगठा ग्राह्य धरतात.) यादी पूर्ण झाली, भाग दुसराही आला.

हे मी शिक्षकांच्या सभेत सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. माणसं डोळे पुसतात. पण रुद्राणी परत शाळेत आली का, हे आजवर एकानंही विचारलं नाही. सगळे दुसरंच विचारतात; तुमच्याही तोंडाशी तेच आलंय, दिसतंय मला.

हाव, सापडली शेळी. झालं समाधान?