रॅम बदलली त्याची गोष्ट

समीक्षाचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत तिची आई प्रेमाबाई वेसाव्याच्या बाजारात अर्धी टोपली बोंबील विकून परत येत. त्या लॅपटॉपवर खूश होती ती एकटी मनी मांजर, कारण मागून येणाऱ्या गरम हवेत तिला मस्त झोप लागायची. आज मात्र चार वाजता मालाडच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. आधीच्या दोन मुलाखतींत हा लॅपटॉप ऐन बोलताना अडकला होता. समोरच्यांना समीक्षाचं उघडं राहिलेलं तोंड तेवढं दिसलं आणि दोन्ही नोकऱ्या हुकल्या.

"टेन्शन नको घेऊ गं," कृणालदादा म्हणाला. "नवीन रॅम आणलीये. दहा मिनिटांत टाकतो, मग बघ कसा पळतो!"

कृणालने आजवर घरातला मिक्सर उघडला होता, इस्त्री उघडली होती. ती बंद करायला दर वेळी दुसरं कुणीतरी लागलं होतं.

तीन वाजता त्याने लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं. जुनी रॅम कशी काढायची ते मात्र त्याला कळेना. शेजारच्या विकीला विचारायला जाताना त्याने टेबलावरचं चंदेरी पाकीट दाखवलं. "आई, ह्याच्यावर लक्ष ठेव हं. नवीन रॅम आहे. गरम झाली तर वाट लागली समज!"

विकी घरी नव्हता. कृणाल परत आला तर पाकीटही नाही आणि आईही नाही. ती बाजाराला गेलेली, आणि तिचा फोन घरीच चार्जिंगला. लॅपटॉपशेजारी दातांचा जुना ब्रश आणि कसलासा कचरा पडला होता, पण ते बघायला त्याला फुरसत कुठे होती?

"झालं का रे दादा?" आतून समीक्षाने विचारलं.

"झालं, झालं!" म्हणत कृणालने झाकण लावलं. एक स्क्रू उरला, तो खिशात टाकला आणि मनातल्या मनात एकवीरेला नारळ बोलला.

लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला. मुलाखतभर एकदाही अडकला नाही.

"अडचण आली तर तुम्ही काय करता?" पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"सर, आजच आम्ही लॅपटॉपची रॅम बदलली. दुखणं नेमकं कुठे आहे ते कळलं, की इलाज सोपा असतो."

दाराआड कृणालने डोळे मिटून घेतले.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

समीक्षा रडतच भावाच्या गळ्यात पडली. "दादा, तुझ्यामुळे रे!" खरं सांगायची हीच वेळ होती, पण कृणालने खिशातला स्क्रू आणखी खोल ढकलला.

संध्याकाळी बातमी ऐकून प्रेमाबाईंनी बर्फाच्या पेटीतून सगळ्यात मोठं पापलेट काढलं. त्याबरोबर गाठ मारलेली एक पिशवीही काढली. आत चंदेरी पाकीट होतं.

"घे रे. गरम नको म्हणालास ना? बर्फात ठेवली होती. कधी लावणार?"

समीक्षा भावाकडे बघतच राहिली. "मग लॅपटॉप पळाला कसा?"

"अगो, त्याच्या पंख्यात मनीचे मूठभर केस होते," प्रेमाबाई म्हणाल्या. "झाकण उघडं दिसलं, म्हटलं ब्रशने काढून टाकूया."

समीक्षा आधी चिडली, मग पोट धरून हसली. "आई, कंपनी मला नवा लॅपटॉप देणार आहे."

"आण," प्रेमाबाईंनी पापलेट कापायला घेतलं. "फक्त मनीला कळू देऊ नको."