लाखोरीवरची वरात

मुलाच्या लग्नाला निघताना नंदलालने ड्रायव्हर मिथुनला एकच सूचना केली, "आज ब्रेकवर पाय ठेवाचा नाही."

त्याला कारण होते. साखरपुड्याला पवनीची ही मंडळी दिघोरीत फार उशिरा पोचली होती आणि मुलीचा बाप परसराम भर पंगतीत व्याह्याला म्हणाला होता, "लगन हाये का लुगडं, इवाई? एक एक धागा जोडत येता!" नंदलालचा धंदाच लुगड्यांचा, त्यामुळे शब्द बरोबर जागी लागला. आज मुहूर्ताआधी पोचून परसरामचे तोंड बंद करायचे, एवढे एकच कार्य त्याच्या डोक्यात होते. मुलाचे लग्न त्याच्या मागून.

वऱ्हाडाची बस कुठल्या कुठे मागे पडली. लाल गाडीत पुढे मिथुन, मागे नंदलाल आणि दोन्ही हातांनी बाशिंग धरून बसलेला नवरदेव अंकुर.

"बाबा, काटा नव्वदवर गेला!"

"जाऊ दे. काट्याले कोनतं लगन हाये?"

"काकाजी, सडकेवर लोक हायेत," मिथुन म्हणाला.

"लोकायले गाडी दिसते ना? सरकतीन."

लोक सरकले. दिघोरीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या शेतातली म्हातारी बायाबाईही सरकली, पण तिची लाखोरी सरकू शकली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली शेंगा फुटाव्यात म्हणून तिने त्या कडधान्याचे वाळलेले वेल डांबरी रस्त्यावर पसरले होते. लाल गाडी त्यावरून अशी गेली की अर्धी लाखोरी नालीत आणि उरलेली बायाबाईच्या केसांत.

दिघोरीत परसराम बनियनवर, तोंडात मंजन, मंडपाचा खांब धरून उभा होता. झाडीपट्टीत वरात वेळेआधी येत नाही. वेळेआधी येते ती वाईट बातमी.

"इवाई! आत्ता? कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं!"

पण घरात फक्त "कोन गेलं" एवढेच पोचले. नवरीच्या आईने गळा काढला. तिला सावरायला धावलेल्या दोघींनी, कोण गेले ते न विचारताच, साथ दिली. आचाऱ्याने आधण उतरवून ठेवले.

सगळ्यांना गप्प करता करता परसरामला घाम फुटला. त्याने हात जोडले. "इवाई, मंडपावर फांद्यायचे डगाले टाकाचे हायेत, नवरीची आंघोळ नाही. मी तुमाले पाह्यलंच नाही. वापस जा आन् वऱ्हाडासंगं या."

वेगाने गेले की वेळ वाचतो हे नंदलालला ठाऊक होते. वाचलेला वेळ ठेवायचा कुठे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. गाडी आल्या वाटेने सावकाश निघाली.

रस्त्याच्या मधोमध बायाबाई काठी घेऊन उभी.

"थांब! मघाचा तूच ना?"

"बाई, सडकेवर पीक पसरवनं गुन्हा हाये."

"आन् गोळीवानी जानं पुन्य हाये का?"

कायदा दोघांनाही पाठ होता, फक्त ज्याला त्याला दुसऱ्याचा.

"लाखोरी उडाली तं उडाली," बायाबाई म्हणाली, "तिच्या जागी माही नात राहती तं?"

कुठे अडला की नंदलालचा हात खिशात जाई.

"नोट ठेव खिशात. नोटेनं शेंगा फुटत नाही. चाक दे!"

मग मिथुन पायी चालणाऱ्याच्या चालीने गाडी वेलांवरून पुढे नेऊ लागला, मागे आणू लागला. नंदलाल रेशमी कुर्त्यात नालीतले वेल गोळा करी, बायाबाईच्या काठीने उलथी. आधी रागाने, मग नेमाने. शेंगा चटचट फुटू लागल्या. माल निघताना पाहिला की व्यापारी खुलतोच, मग माल कुणाचाही असो.

"हळू रे मिथुन! इकडच्या राहिल्या ना!"

"काकाजी, पहिल्याच गेरात हाये!"

"तरी जोरातच हाये!"

तेवढ्यात वऱ्हाडाची बस आली. नवरदेवाचा बाप लाखोरी उलथताना पाहून बँडवाल्यांना वाटले, या घरची काही रीत असेल. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बायाबाईने बसची चाके निरखली. "हे आलं खरं कामाचं!" बसही फेऱ्या घालू लागली. बाया उतरल्या, गाणी सुरू झाली, आणि बायाबाईने नवरदेवाच्या हाती सूप दिले.

मुहूर्ताची आठवण उरली होती फक्त परसरामला. फेटा उडवत, मोटारसायकल भरधाव सोडून तो आला.

"इवाई! मुहूर्त टळून राहिला! काहून थांबले?"

नंदलाल काठी आडवी धरून त्याच्यापुढे उभा राहिला. "हळू! हळू! दाने उडून राहिले! मुहूर्त दुसरा निघते इवाई, चाकाखाली आलेलं मानूस निघत नाही. तुमाले बोलाचं असन ते बोला. उशीर आमचाच धरा."

परसराम वरमला. त्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि एकाही दाण्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून मोटारसायकल रस्त्याच्या काठाकाठाने ढकलू लागला.

बायाबाई कडाडली, "अगा परसराम भाऊ, काठाकाठानं कायले जातं? मधातून ने ना!"