ताडपत्रीखालचे आप्पा

भाड्याचा ट्रक आमच्या लातूरच्या डाळमिलमध्ये शिरला, की शिवलिंगआप्पा रिकाम्या हौद्यात मांडी घालून बसतात. हमालांनी वर ताडपत्री बांधायची आणि नळीने पाणी सोडायचं. आप्पा बाहेर आले आणि कपाळावरची विभूती कोरडी असली, तर गाडी पास. ओघळली, तर ड्रायव्हरने मुकाट्याने गाडी वळवावी.

आप्पा मूळचे आमच्याच ट्रकचे ड्रायव्हर. बाबांनंतर मिल माझ्याकडे आली आणि मी ट्रक विकून वाहतूक कंत्राटावर दिली. आप्पा म्हणाले, "गाडी इका अक्का, पर मी हितंच ऱ्हानार." राहिले. त्यांचा हुद्दा काय, हे आमच्या हिशेबनिसाला अजून सुचलेलं नाही.

कंत्राटदार त्यांना टरकून असतो. "कागद समदे बरोबर हायत," असं म्हणाला, की आप्पा विचारतात, "कागदानं डाळ कोरडी ऱ्हाती व्हय?"

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या एका बड्या दुकानदाराची पहिली ऑर्डर मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत तूरडाळ पोचली तर वर्षभराचं काम, नाही तर रामराम! विभूती कोरडी निघाली, गाडी भरली. तेवढ्यात आप्पांनी ड्रायव्हरच्या लालभडक डोळ्यांत वाकून पाहिलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

"गाडी पास. गडी नापास."

गडी रात्रभर गाडी हाणत आला होता. आप्पांनी त्याला स्वतःच्या बाजेवर झोपवलं. मी भडकले. "आप्पा, ऑर्डर गेली म्हणजे?"

"झोपलाय त्यो. हळू बोला, अक्का."

गाडी निघाली ती ऊन कलल्यावर. मी नागपूरला फोनवर गयावया केली, वर शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर दुकानदाराचा फोन आला. गाडी उशिरा पोचली, पण वाटेत धो धो पाऊस लागूनही डाळ खडखडीत कोरडी होती, म्हणून काम पक्कं! मी धावतच आप्पांकडे गेले. "आप्पा, तुमच्यामुळं माल वाचला!"

"मालाचा इमा हाय, अक्का. त्या ड्रायव्हरच्या लेकरांना आपन काय भरपाई देनार होतो?"

तेवढ्यात त्यांना ड्रायव्हरचा फोन आला. "आप्पा, पोचलो. डाळ—"

"डाळीचं ऱ्हाऊ दे. जेवलास का?"

मग कुठे त्यांनी आपला डबा उघडला. हमाल म्हणाला, रोजचंच आहे. गाडी पोचल्याचा फोन आल्याशिवाय आप्पा घास घेत नाहीत. घरी तरी वाट बघायला दुसरं कोण आहे त्यांना?

असा माणूस माझ्या वाट्याला आला, हे माझं नशीब. मी माझा डबा आणला आणि बाजेवर त्यांच्यासमोर बसले. आता गाडी पोचली, की आम्ही दोघं जेवतो.