झऱ्यावरचा दगड आणि दोन दिवसांची हॅकेथॉन

एका जंगलात, बाळांनो, पाणी सोडून सगळं होतं. राजा होता, दरबार होता, दरबाराच्या अकरा समित्या होत्या. पाणी तेवढं नव्हतं. टेकडीखाली एक झरा होता खरा, पण दरड कोसळली आणि एक भलामोठा दगड त्याच्या तोंडावर येऊन बसला. तेव्हापासून झरा बंद.

सुभद्रा नावाची साळिंदरीण त्याच टेकडीत राहायची. तिला दोन पिल्लं. अंगावरचे काटे अजून मऊच. पाण्यासाठी सुभद्राला रोज पोकळ भोपळा घेऊन नदीवर जावं लागे, तेही बिबट्याच्या वाटेवरून. पिल्लांना बिळात एकटं सोडून निघताना ती दहादा मागं वळून बघायची. दगडाखालची माती उकरायला तिनं कितीदा तरी घेतली होती. पण उकरलं तरी ढकलणार कोण?

अशात वाघमहाराजांनी दवंडी पिटवली. शनिवार-रविवार, पाणीप्रश्नावर भव्य हॅकेथॉन! म्हणजे संघ करून दोन दिवसांत उपाय शोधायची स्पर्धा!

संयोजक वानरानं झाडावर चढून फायदे वाचून दाखवले. "नव्या ओळखी होतात. डोक्याला चालना मिळते. प्रमाणपत्र मिळतं. जेवण आणि टी-शर्ट फुकट!"

"आणि पाणी?" सुभद्रानं विचारलं.

"स्पर्धकांना बाटलीतून मिळेल," वानर म्हणाला.

शनिवारी सकाळी सुभद्रा हजर झाली. टी-शर्ट अंगात घालताच त्याची चाळण झाली. तिला कुणी संघात घेईना, टोचते म्हणून. रावजी रानडुकरालाही कुणी घेईना, चिखलाचा वास येतो म्हणून. उरलेल्या दोघांचा एक संघ झाला.

"वहिनी, मला यातलं ओ का ठो कळत नाही बरं का," रावजी म्हणाला. "मी आपला जेवायला आलोय."

"ढकलता येतं का भाऊ?"

"तेवढंच तर येतं!"

शेजारी निनाद कोल्ह्याचा संघ बसला होता. निनाद शहरातल्या एका कॉलेजच्या कँटीनमागे चार महिने राहून आला होता. त्यामुळे जंगलात त्याच्या शब्दाला वजन होतं. तो एक दिवा बनवत होता. ज्याच्यासमोर धराल त्याला तहान लागली असेल, तर दिवा तांबडा होणार.

"अहो, पण तहान आपली आपल्याला कळतेच की," सुभद्रा म्हणाली.

"कळते. पण आकड्यांत कळते का?" निनादनं विचारलं.

सुभद्रा उठली आणि दगडाखाली उकरू लागली. रावजीनं वरून डोकं लावलं. दुपारपर्यंत दगड हलला, कलला आणि गडगडत बाजूला गेला. झरा वाहू लागला. पिल्लं बिळातून धावत आली आणि थेट पाण्यातच उभी राहिली. सुभद्राला रडू आवरेना. रावजी उगाच दुसरीकडे बघत राहिला.

तेवढ्यात वानर धापा टाकत आला. "कुणी केलं हे?"

"आम्ही," रावजी छाती फुगवून म्हणाला.

"अहो, आज शनिवार आहे! सादरीकरण उद्या संध्याकाळी! बाकीच्या सव्वीस संघांनी आता करायचं काय? त्यांचा प्रश्नच पळवलात तुम्ही!"

निनादही तणतणत आला. सगळं जंगल पोटभर पाणी प्यायलं होतं, त्यामुळे त्याचा दिवा कुणासमोरच पेटेना. प्रकरण महाराजांकडे गेलं. महाराज न्यायी होते. त्यांनी हुकूम दिला, "स्पर्धा संपेपर्यंत प्रश्न पूर्ववत करावा."

हत्ती स्पर्धेचा प्रायोजक होता. त्यानं दगड पुन्हा झऱ्यावर ठेवला आणि मन लावून घट्ट बसवला.

"महाराज, माझी पिल्लं घरी एकटी असतात हो," सुभद्रा कळवळून म्हणाली.

"हे उद्या सादरीकरणात सांगा," वानरानं सुचवलं. "भावनिक बाजू असली की गुण मिळतात."

रविवारी सुभद्रा सगळ्या जंगलासमोर उभी राहिली. पिल्लं कुठल्या बिळात असतात, आपण किती वेळ बाहेर असतो, सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "दगड काढायचा. पाणी येतं."

"हा उपाय इतर जंगलांत कसा नेणार?" महाराजांनी विचारलं.

"इतर जंगलांत हा दगड नाही, महाराज."

गुण कापले गेले. निनादनं दिवा काढला तेव्हा सगळे पुन्हा तहानेले होते. दिवा प्रत्येकासमोर लालबुंद झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस निनादला. घरोघरी एकेक दिवा बसवायचा ठेकाही त्यालाच.

सोमवारी सुभद्रा दगडाकडे गेली. भोवती कुंपण होतं आणि पाटी होती: 'पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी राखीव. हात लावू नये.' ती रावजीला शोधायला गेली. रावजी निनादच्या दिव्यांची गाडी ढकलत होता. "आता नोकरी लागली ना वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला.

सुभद्रानं भोपळा उचलला आणि नदीची वाट धरली. अर्ध्या वाटेत बिबट्या बसला होता. त्यानं आदबीनं मान लववली.

"काल आपलं सादरीकरण ऐकलं. फार छान. सगळी माहिती अगदी तपशीलवार दिलीत."

एवढं बोलून तो उठला आणि टेकडीच्या दिशेनं चालू लागला.

सुभद्रा भोपळा टाकून आडवाटेनं धावत सुटली. त्याच्या आधी बिळाशी पोचली आणि पाठीवरचे सगळे काटे फुलवून दारात घट्ट बसली. पिल्लं वाचली. पण आता तिला पाण्याला जाता येईना. बिळाच्या तोंडाशी सकाळीच बसवलेला नवा कोरा दिवा तेवढा लालबुंद झाला होता.

तात्पर्य: बाळांनो, हॅकेथॉनमध्ये अवश्य भाग घ्यावा. फायदे पुष्कळ आहेत. फक्त जाताना उत्तर घरी ठेवून जावं.