हातात धरून आणलेलं माप

रविवारी दुपारी बुलढाण्याच्या जेलच्या फाटकातून एक सत्तरीचा म्हातारा दोन्ही हात पुढे गोल धरून बाहेर येतो. हातात काहीच नसतं. न दिसणाऱ्या माणसाला मिठी मारून तसंच उचलून आणावं, अशी त्याची चाल. नवखे लोक थांबून बघतात. मी मात्र स्कूटरजवळ टेप उलगडून उभा असतो, कारण त्या हातांच्या गोलाचं माप घ्यायचं काम माझ्याकडे आहे.

हे आमचे शमुवेल मास्तर. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. भिंतीला भिंत लागून आमची घरं. मी एसटीत कंट्रोलर होतो. माझा देवधर्म शेगावच्या दर्शनापुरता, त्यांचा चर्चमधला. चर्चमधली चार माणसं दर रविवारी परवानगी काढून बंद्यांसोबत प्रार्थना करायला आत जातात. तिघं गातात, बोलतात. मास्तरांना गळा नाही आणि त्यांचं प्रवचन दोन वाक्यांत संपतं. ते आत जातात शर्टाचं माप घ्यायला.

ज्यांच्या घरचं कुणी भेटीला येत नाही, त्यांच्या अंगावर पकडलं त्या दिवशीचाच शर्ट असतो. सुटतानाही तोच. "मारामारीतला शर्ट घालून माणूस घरी गेला, तं घरचे आधी शर्टच पाह्यतीन ना भाऊ," असं मास्तरांचं म्हणणं. म्हणून सुटका जवळ आली की मास्तर त्याला नवा शर्ट शिवतात. पण टेप फाटकावर ठेवावा लागतो, दोरीसारखं काही आत नेता येत नाही. मग मास्तर त्या माणसाच्या छातीभोवती हात घालतात, एका हातानं दुसरं मनगट पक्कं धरतात, आणि म्हणतात, "आता खाली बस अन् निघ." तो बिचारा गुडघ्यांवर बसून खालून निसटतो. हात सुटू न देता मास्तर माझ्यापर्यंत येतात.

"लोकांले वाटते, म्हाताऱ्याले लय माया हाये," ते मला दर वेळी बजावतात. "मायाबिया काही नाही. माप हाये. अंदाज नाही, माप पाह्यजे!" हे शेवटचं वाक्य ते भाजीवाल्यालाही ऐकवतात आणि चहात साखर घालणाऱ्या माझ्या बायकोलाही.

एकदा चहावाल्यानं फाटकाबाहेर सलाम केला आणि मास्तरांनी सवयीनं हात वर केला. माप गेलं. पुढच्या रविवारपर्यंत आत सोडत नाहीत, आणि तो माणूस बुधवारी जुन्याच शर्टात सुटून गेला. मास्तर चार दिवस मशीनवर बसले नाहीत. मी हसलो, तर मला घराबाहेर काढलं.

मागच्या हिवाळ्यात आत संतोष नावाचा पोरगा होता, मोताळ्याजवळच्या खेड्यातला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात त्यानं चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली होती. चुलतभाऊ वाचला, पण आईनं पोराचं तोंड पाहणं सोडलं. वर्ष झालं होतं. तो धड जेवत नव्हता. जामीन होणार असं कळल्यावर तो मास्तरांना म्हणाला, "शर्ट नका शिवू. माय घ्याले आली तं मी गावाले जाईन. नाही तं कुठंही जाईन."

त्या रविवारीही मास्तर हात गोल धरूनच आले. मी टेप पुढे केला, तर म्हणाले, "ठेवा तो. मोताळ्याकडे घ्या गाडी."

"असेच बसता? धरा की मले."

"हात रिकामे नाहीत."

राजूरचा घाट मी कसा उतरलो, ते माझं मला माहीत.

संतोषची आई पार्वताबाई कापूस वेचून नुकत्याच घरी आल्या होत्या. आम्ही कुठून आलो हे ऐकताच म्हणाल्या, "त्याचं नाव काढाचं असन, तं पाणी प्या अन् जा."

"नाव नाही काढत," मास्तर म्हणाले. "माप आणलं." आणि अंगणात ते दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. "एवढा राह्यला, बाई."

बाई त्या गोलाकडे बघत राहिल्या. "एवढाच?" म्हणाल्या. मग जवळ आल्या, पदराचं टोक त्या हातांच्या आतून फिरवलं, जिथं पुरलं तिथं चिमटीत धरून गाठ मारली, आणि घरात गेल्या. मी मास्तरांच्या हातांना टेप लावून माप टिपलं, दहा मिनिटं थांबलो. त्या काही बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मास्तरांनी संतोषला फक्त त्या गाठीचं सांगितलं.

सुटकेच्या दिवशी आम्ही फाटकावर होतो. शर्ट निळ्या चौकड्यांचा, मापापेक्षा दोन इंच सैल शिवलेला. संतोषनं तो घातला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मोताळ्याहून येणारी एसटी येऊन गेलेली. वेळापत्रक मला तोंडपाठ, पुढची दीड तासानं. मास्तर त्याची कॉलर उगाच सारखी करत होते. मला वाटलं, पोरगं आता कुठंही निघून जाणार.

समोरच्या निंबाखाली एक बाई केव्हाची उभी होती. ती रस्ता ओलांडून आली. पोराच्या तोंडाकडे तिनं बघितलंच नाही. पदर काढून त्याच्या छातीभोवती फिरवला आणि गाठ जुळवू लागली. जुळेना. दोन बोटं कमी पडत होती.

"भरला," पार्वताबाई म्हणाल्या. "आठ-दहा दिसात भरला थो." पदर तसाच राहिला आणि त्यांचे हातही. पोरगं मोठ्यानं रडायला लागलं. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मास्तर मात्र मला म्हणाले, "पाह्यलं? दोन इंच जास्त ठेवले म्हणून बसला."

त्यांची बायको रूथबाई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात दुसरी खुर्ची आहे, तिच्यावर कापड ठेवलेलं असतं. मोताळ्याची ती फेरी सोडली, तर नऊ वर्षांत स्कूटरवर ते नेहमी मागच्या स्टेपनीला धरून बसले. त्या दिवशी गाडी सुरू केली, आणि दोन हात माझ्या पोटाभोवती आले. एका हातानं दुसरं मनगट धरलं.

"काऊन मास्तर? माह्यं माप घेऊन राह्यले काय?"

त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "असंच."

आमच्या गल्लीचं वळण आलं. मी गाडी वळवली नाही, तशीच पुढे घेतली.