ऐक्य समितीची पंच्याण्णवावी बैठक

माणूस बाहेरून पाहतो, देव अंतःकरण पाहतो; समितीला मात्र दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं.

त्या रस्त्यावर तीन चर्च होती. एक घंटेचं, एक बिनघंटेचं, आणि एक बेकरीच्या वरच्या मजल्यावरचं, ड्रम वाजवणारं. तिन्ही मंडळ्यांनी मिळून ऐक्य समिती नेमल्याला अकरा वर्षं झाली होती. एकूण बैठका त्र्याण्णव. पैकी एकसष्ट, प्रार्थना बसून करावी की उभं राहून, या विषयावर. (बैठका बसूनच झाल्या.) चिटणीस होते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं इतिवृत्त इतकं सुरेख असे, की हमरीतुमरीसुद्धा वाचताना स्तोत्रासारखी वाटे.

तिन्ही चर्च झाडणारी बाई मात्र एकच. सगळे तिला मावशी म्हणत. एके दिवशी ती बेकरीच्या जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून घरी बसली. पुढचे दोन रविवार तिन्ही मंडळ्या सारख्याच धुळीत बसल्या. (ऐक्याचा हा पहिला प्रत्यक्ष अनुभव.) तेव्हा समितीने तातडीची बैठक घेतली.

मावशीला मदत करावी, याबद्दल दुमत नव्हतं. कोणी करावी, एवढाच प्रश्न होता. कारण ती नेमकी कुठल्या मंडळीची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्यांची असेल. आताही प्रत्येकाने मोठ्या मनाने ती दुसऱ्यांना देऊ केली. शेवटी ठराव झाला: भेद अजिबात पाहायचा नाही, फक्त नोंदीपुरता विचारून घ्यायचा. फॉर्म घेऊन पोस्टमास्तरांना धाडलं.

मावशी खाटेवर पाय लांब करून शेंगा सोलत होती. कोपऱ्यातली बादली कोरडी ठणठणीत. पोस्टमास्तरांनी तोंड उघडण्याआधी तिनेच त्यांच्या बायकोच्या खोकल्याची चौकशी केली. मग त्यांनी खाकरून 'कुठल्या मंडळीच्या?' हा रकाना वाचून दाखवला. मावशीने जरा विचार केला.

"ज्यांच्याकडे माणसं कमी असतील ना, त्यांच्यात लिहा," ती म्हणाली. "तेवढंच बरं वाटेल त्यांना."

नोकरीच्या चाळीस वर्षांत अपुऱ्या पत्त्याची हजारो पत्रं पोस्टमास्तरांनी परत पाठवली होती. हे एक काही त्यांना परत पाठवता येईना. त्यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला, बाह्या सरसावल्या आणि खालच्या नळावरून बादली भरून आणली. दुसऱ्या दिवशीही ते गेले. तिसऱ्या दिवशी बायकोही आली, खोकत खोकत, वरण घेऊन.

पंच्याण्णवाव्या बैठकीत त्यांनी अहवाल दिला: रकाना कोरा आहे आणि बाईंना रोज दोन बादल्या पाणी लागतं. पहिल्या मुद्द्यावर दोन तास चर्चा झाली. दुसऱ्यावर एकच प्रश्न आला: पोस्टमास्तर हे पाणी कुठल्या मंडळीच्या वतीने भरतात?

पोस्टमास्तरांनी पेनाला टोपण लावलं, इतिवृत्ताची वही टेबलावर ठेवली आणि उठले.

"नळाला पाणी यायची वेळ झाली," म्हणाले, आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत.

आठ आठवड्यांनी मावशी काठी टेकत कामावर आली. समितीने एकमताने आनंद व्यक्त केला (अकरा वर्षांतला एकमताचा पहिला ठराव).

आता चिटणिसाची जागा रिकामी आहे. मावशी कुठल्या चर्चची, आणि पोस्टमास्तर तरी कुठल्या, याचा सुगावा लागतो का म्हणून तुम्ही वरच्या ओळी पुन्हा चाळल्या असतील, तर अनुभवाची अट तुम्ही पूर्ण करता. अर्ज तीन प्रतींत करावा.